गिरणीचा भोंगा आणि निसर्गचित्र

नागपुरातील कोणत्याही प्राथमिक शाळेत जावे आणि चौथीच्या मुलांना ‘निसर्गाचे चित्र काढा’ असे सांगावे. अर्ध्या तासात चाळीस मुले चाळीस कागदांवर जवळजवळ एकच चित्र काढून देतील. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून वर येणारा अर्धा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. आता आपल्या गावाभोवती नजर टाका. नारळ असलाच तर एखाद्या बंगल्याच्या आवारात. त्रिकोणी डोंगरांची जोडी तर कोठेच नाही. आहे ती काळी सपाट जमीन, कडुनिंब, चिंच, संत्र्यांच्या बागा, फाल्गुनात पेटलेला पळस आणि वैशाखात उन्हाने पांढरे पडलेले आभाळ. यांपैकी एकही वस्तू त्या कागदावर उतरत नाही.

यात मुलांचा दोष नाही. कॅलेंडरवर, वहीच्या वेष्टनावर आणि शेजाऱ्याच्या कागदावर जे दिसले ते त्यांनी पाढ्यांसारखे पाठ केले. पाहून काढणे आणि पाठ करून काढणे यांत फार मोठे अंतर आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत काही माणसे आणि त्याच शतकाच्या अखेरीस आपल्या महाराष्ट्रात काही माणसे हातात पेन्सिल घेऊन उघड्यावर जाऊन बसली आणि पाहून काढू लागली. त्यांनी काय केले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे येथे सांगावयाचे आहे.

कोणी विचारील की, हा विषय चित्रकारांचा. कामगार-संघटनेच्या माणसांनी यात का पडावे? आम्ही चित्रकलेच्या शाळेत शिकलेलो नाही. आमचे वाचन संघाच्या कचेरीत, बैठक आटोपल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झालेले. परंतु या चित्रकारांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस आली. ही मंडळी बहुतेक हाताच्या कसबावर पोट भरणारी होती, आणि त्यांची निसर्गाची ओढ गिरणीच्या धुरातून उपजलेली होती. म्हणून हा विषय आम्हांला परका वाटत नाही.

निसर्गाची ओढ कोणाला लागते? जो निसर्गातच असतो त्याला तिचे भान फारसे नसते. शेतकरी आभाळाकडे पाहतो ते पाऊस येईल की नाही हे ठरविण्यासाठी. निसर्ग सुंदर दिसू लागतो तो त्याच्यापासून तुटलेल्या माणसाला. हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले आहे. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष कोण? कामात कसूर झाली म्हणून मालकाने वर्षभरासाठी हद्दपार केलेला एक नोकर! तो ज्या रामगिरीवर दिवस काढीत होता तो आपला रामटेकच, असे नागपूरचेच महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले आहे. घर तुटले, माणूस दुरावले, आणि मग त्या यक्षाला ढग दिसला, नद्या दिसल्या, वाटेवरचे एकेक शिखर दिसले. विरहाने त्याची नजर उघडली.

एकोणिसाव्या शतकात असा विरह यंत्राने लाखो माणसांच्या वाट्यास आणला. त्याचे माहेरघर म्हणजे इंग्लंडातील लँकेशायर परगणा. या परगण्याशी आपल्या विदर्भाचे जुने नाते आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या आणि हिंगणघाटच्या कापसाकडे धाव घेतली. पुढे १८६७ साली रेल्वे नागपुरास येऊन पोहोचली आणि तो कापूस आगगाडीने मुंबई बंदराकडे जाऊ लागला. लँकेशायरमध्येच बोल्टन नावाचे गिरणगाव आहे. अमेरिकन निसर्गचित्रणाच्या इतिहासातील दोन मोठी माणसे याच धुरकट गावात जन्मली.

पहिला टॉमस कोल. जन्म १८०१ चा. पोरवयातच छापील कापडाच्या धंद्यात नक्षी कोरण्याच्या कामाला तो लागला. कापडावरची वेलबुट्टी हीच त्याची पहिली झाडेझुडपे. १८१८ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. तेथे भटक्या चित्रकाराचे हलाखीचे दिवस काढल्यावर १८२५ साली तो हडसन नदीने वर कॅट्सकिल पर्वतापर्यंत गेला आणि रेखाटने घेऊन परतला. त्यांवरून रंगविलेली तीन चित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली व तीन चित्रकारांनीच ती विकत घेतली. अमेरिकेतील ‘हडसन नदी संप्रदाय’ येथून सुरू झाला, असे मानतात.

कोलची रीत समजून घेण्यासारखी आहे. तो रानात जाऊन मोठे चित्र रंगवीत बसत नसे. बरोबर एक वही आणि पेन्सिल. कड्याची कड, झाडाचा वाकलेला बुंधा, ढगाची सीमारेषा एवढेच तो भराभर टिपी आणि त्यावरच शब्दांत लिहून ठेवी: येथे सावली निळसर, येथे पाने पिवळी, उजेड अमुक बाजूने. घरी आल्यावर तो काही काळ जाऊ देई. क्षुल्लक तपशील विसरला गेला आणि मुख्य गोष्ट मनात उरली की मग तो रंगांना हात घाली. रेखाटन आणि पुरे चित्र यांतील भेद येथे स्पष्ट होतो. रेखाटन ही साक्ष आहे; चित्र हा त्या साक्षीवरून दिलेला निकाल. साक्ष खोटी असेल तर निकाल कितीही गोंडस असो, तो टिकत नाही.

त्याचे १८३६ चे एक चित्र प्रसिद्ध आहे. कनेटिकट नदीचे बैलाच्या जुवासारखे वळण, एका बाजूस वादळाने झोडपलेले रान, दुसऱ्या बाजूस आखीव शेते. आणि या दोहोंच्या सीमेवर, शोधल्याशिवाय सापडणार नाही एवढा लहान, चित्र काढीत बसलेला एक माणूस. तो कोल स्वतः. त्याच वर्षी त्याने अमेरिकेच्या निसर्गावर एक निबंध लिहिला आणि कुऱ्हाडीने चाललेल्या जंगलतोडीबद्दल त्यात हळहळ व्यक्त केली. आपल्या लाडक्या कॅट्सकिलमध्ये लोहमार्गासाठी झाडे पडताना पाहून तो संतापला होता. गिरणगावातून पळालेल्या माणसाच्या पाठोपाठ गिरणीचे युग तेथेही येऊन पोहोचले होते.

कोलचा मित्र ॲशर ड्युरँड हाही मुळात धातूवर कोरीव काम करणारा कारागीर. १८५५ साली त्याने निसर्गचित्रणाविषयी एक पत्रमाला प्रसिद्ध केली. माझ्याकडे शिकायला येऊ नका, आधी निसर्गाच्या शाळेत जा, असे तो नवशिक्यांना बजावतो. पेन्सिलने एकेक वस्तू नीट काढायला शिका, रंग नंतर. हा उपदेश अमलात आणणे त्या काळी शक्य झाले त्याला साध्या हत्यारांचीही मदत झाली. पूर्वी तयार रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ती फुटे, रंग वाळे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग खिशात घालून माणूस डोंगरावर जाऊ लागला. पेन्सिलीची गोष्ट तर आणखी गमतीची. गांधीजींनी ज्याचा कायदेभंगावरील निबंध आदराने वाचला, तो तळ्याकाठी एकटा राहणारा हेन्री थोरो हा पेन्सिली बनविणाऱ्या घरातला. शिशात माती मिसळून उत्तम पेन्सिल करण्याची कृती त्याने स्वतः सुधारली होती. निसर्गाच्या भक्तीलाही कोणाच्या तरी हातचे काम लागते, हे आम्हां कामगार मंडळींनी ध्यानात ठेवावे.

बोल्टनचा दुसरा पुत्र टॉमस मोरान, जन्म १८३७. आईबाप हातमागावर विणणारे. यंत्रमागाने हातमागाची भाकरी हिरावली तेव्हाचा तो काळ. हे कुटुंब १८४४ साली अमेरिकेस गेले आणि पोरगा लाकडी ठसे कोरणाऱ्या कारखान्यात उमेदवारीस लागला. १८७१ साली सरकारी पाहणी पथकाबरोबर तो यलोस्टोन या अज्ञात प्रदेशात गेला. उकळते झरे, पिवळ्या कड्यांची प्रचंड घळ, जमिनीतून उसळणारे पाण्याचे स्तंभ. बरोबर विल्यम जॅक्सन हा छायाचित्रकार होता. पण त्या काळचे छायाचित्र काळेपांढरे. रंगांची साक्ष मोरानच्या जलरंगी रेखाटनांनीच दिली. ही रेखाटने आणि छायाचित्रे अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवली गेली, आणि १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यान करणाऱ्या कायद्यावर सही केली. जगातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. मोरानने त्याच वर्षी पुरे केलेले मोठे चित्र काँग्रेसने दहा हजार डॉलरांना विकत घेतले. विणकराच्या मुलाच्या वहीतील पाने कायदेमंडळाच्या कामी आली!

तथापि या चित्रांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांत रान आहे, पण रानातला माणूस बहुधा नाही. असलाच तर शोभेपुरता. यलोस्टोनमध्ये शोशोनी, क्रो, बॅनॉक वगैरे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत व शिकार करीत आले होते. उद्यान झाले आणि त्यांना तेथून हलविण्यात आले. आपल्याकडेही याहून वेगळे घडले नाही. ज्या १८७१ मध्ये मोरान यलोस्टोनला गेला त्याच वर्षी कॅप्टन जेम्स फॉरसाइथ याचे सातपुड्याच्या रानांविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. पचमढीच्या सौंदर्याचे वर्णन करणारा हा माणूस जंगलखात्याच्या कामावर होता. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले ठरली आणि गोंड-कोरकूंना आपल्याच रानात शिरायला परवानगी लागू लागली. देखावा म्हणून रानाचे कौतुक आणि त्या रानात राबणाऱ्याचा विसर, ही जोडी फार जुनी आहे. निसर्गचित्र पाहताना ‘येथे राहत होते कोण?’ हा प्रश्न प्रेक्षकाने विचारावा, एवढेच आमचे मागणे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईत १८५७ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. हेतू हा की, देशी कारागिरांना शास्त्रशुद्ध रेखन शिकवावे. विलायतेहून आणलेल्या प्लास्टरच्या पुतळ्यांवरून नक्कल करण्याचा सराव तेथे चाले. तेथील जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती करविल्या, हेही खरे. पण शाळेतून बाहेर पडल्यावर स्वतःच्या गावचे पाणी, स्वतःच्या गावचे झाड पाहून काढणे, हे काम ज्याचे त्यालाच करावे लागले. ते ज्यांनी केले त्यांत कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे.

आबालाल मुंबईच्या या शाळेत शिकले आणि कोल्हापूरला परतले. मुंबईत राहून साहेबांची व शेटजींची व्यक्तिचित्रे रंगविली असती तर पैसा मिळाला असता. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी आश्रय दिला. तरी त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ तलावाच्या काठी. तेथेच त्यांचे राहणे. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट हे त्यांच्या जलरंगांचे विषय. यांत एकही हिमशिखर नाही, एकही धबधबा नाही. कोल्हापूरकर ज्या पाण्यावरून रोज येत-जात होता तेच पाणी. परंतु त्यावरचा सकाळचा उजेड वेगळा, तिन्हीसांजेचा वेगळा. कोलला नवी भूमी सापडली, मोरानला चमत्कारांचा प्रदेश सापडला; आबालालांना घराजवळचे तळे पुरले. आमच्या मते ही गोष्ट अधिक कठीण आहे. अपूर्व ते कोणाच्याही डोळ्यांत भरते. नित्याचे दिसायला डोळा कमवावा लागतो.

आणि येथे पुन्हा गिरणी येतेच. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीची स्थापना केली ती याच कोटितीर्थाच्या शेजारी. म्हणजे आबालालांच्या हयातीतच त्या तळ्याकाठी भोंगा वाजू लागला. १९३१ साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रांपैकी पुष्कळशी आज नाहीत. उरलेल्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात. पण त्यांनी घालून दिलेला धडा राहिला. मिस्त्री घराण्यातून आलेले आणि पुढे स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढणारे बाबूराव पेंटर, नट म्हणून गाजलेले आणि निसर्गचित्रांत रमलेले चंद्रकांत मांडरे, अशा पुढील मंडळींनी ती वाट चालू ठेवली.

मग प्रश्न असा की, त्या गिरणीतल्या माणसाने ते तळे कधी पाहावे? चित्रकाराची सर्वांत आवडती वेळ सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची. आणि विजेचे दिवे येण्यापूर्वी आपल्या गिरण्या चालत त्या नेमक्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत! उगवती गिरणीने घेतली, मावळतीही गिरणीनेच घेतली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातील पहिली मागणी पगाराची नव्हती; दर रविवारी सुट्टी मिळावी ही होती. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण सारे आज जो रविवार उपभोगतो तो असा झगडून मिळालेला आहे. निसर्गाची आवड ही सुखवस्तू माणसाची चैन, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच की, ती चैन झाली ती वेळ हिरावली गेल्यामुळे. वेळ परत द्या, आवड आपोआप येते. आज कंत्राटी कामावर राबणाऱ्या आणि दारोदार जिन्नस पोहोचविणाऱ्या तरुणांचा रविवार पुन्हा निसटत चालला आहे, ही गोष्ट म्हणूनच आम्हांला गंभीर वाटते.

नागपूरची कहाणी कोल्हापूरला समांतर आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती जुम्मा तलावाच्या शेजारी. तळे आणि त्यात पडलेले धुराड्याचे प्रतिबिंब, हा या शहराचा खराखुरा देखावा होता. हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या काठावरून पाळीला गेली. पुढे गिरणी बंद पडली, त्या आवारात बाजारसंकुल उभे राहिले, तलावाला गांधीसागर हे नाव रूढ झाले. आपल्यापैकी किती जणांच्या घरी त्या जुन्या काठाचे एखादे पेन्सिलीचे रेखाटन आहे? लग्नातले छायाचित्र प्रत्येक घरी आहे. ज्या पाण्याकाठी आजोबांची हयात गेली त्याचे नाही. ज्याची साक्ष कोणी नोंदवून ठेवली नाही ते नाहीसे झाले तरी तक्रार करायला आधार उरत नाही. २०२१ साली अजनीच्या रेल्वे वसाहतीतील झाडे वाचावीत म्हणून नागपूरकर पुढे आले. ती झाडे त्यांनी रोज पाहिली होती, एवढाच त्यांचा अधिकार. आणि तो आम्हांला पुरेसा वाटतो.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. रेखाटनाला देणगी लागते हा समज सोडून द्यावा. येथे चित्रकार व्हावयाचे नाही, पाहावयास शिकावयाचे आहे. दहावीस रुपयांची कोरी वही आणि एक मऊ शिशाची पेन्सिल पुरे. रविवारी सकाळी, आपल्याकडे चैत्र-वैशाखात तर आठच्या आत, अंबाझरीच्या, फुटाळ्याच्या किंवा गांधीसागराच्या काठी सावली धरून बसावे. सगळा देखावा घेऊ नये; एकच कडुनिंब घ्यावा. हात लांब करून पेन्सिल उभी धरावी आणि एक डोळा मिटून मोजावे: बुंध्याच्या किती पट झाडाची उंची? हे माप आपल्या समजुतीला हमखास धक्का देते. मग डोळे किलकिले करावेत. पाने दिसेनाशी होतात आणि अंधार व उजेड यांचे मोठे तुकडे तेवढे उरतात. ते तुकडे आधी मांडावेत. पाने मोजत बसू नये. रंग जवळ नसतील तर कोलप्रमाणे शब्दांत लिहावे. खोडरबर घरी ठेवावे. खाली तारीख, वेळ आणि जागा टाकावी. कारण हा दस्तऐवज आहे.

अर्ध्या तासात जे कागदावर उतरेल ते वाकडेतिकडे असेल. हरकत नाही. पण त्या झाडाची तिसरी फांदी कोठे वळते, हे तुम्हांला पुढे वर्षभर आठवत राहील. मुलांना बरोबर न्यावे, आणि त्यांनी सवयीने नारळ काढलाच तर रागावू नये. समोरच्या कडुनिंबाकडे फक्त बोट दाखवावे.